व्हीलचेअरवरच्या बाबांना घेऊन कोकणात समुद्रकाठच्या कॉटेजमध्ये राहता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली, बाहेर व्हीलचेअर लागतेच, घरची सहा माणसं आहात आणि समुद्रकाठी एकाच कॉटेजमध्ये दोन रात्री राहायचंय. नातेवाईक म्हणतायत, "त्यांना कशाला उगाच त्रास."

येईल राहता. आम्ही आईला दोनदा दिवेआगरला घेऊन गेलो. पहिली खेप साफ फसली, दुसरी छान झाली. खर्च दोन्ही वेळा जवळपास तेवढाच आला होता.

आईची डावी बाजू गेली आहे. धरलं तर उभी राहते, चार पावलं टाकते, पाचव्याला बसावंच लागतं. पहिल्या वेळी मी फोनवर विचारलं, "व्हीलचेअर चालेल ना?" पलीकडून उत्तर आलं, "बिनधास्त या ताई, सगळं ग्राउंड फ्लोअरलाच आहे." सुरूच्या बनाला लागून कॅम्प होता, पुढे तंबू, मागे चार कॉटेजेस. ग्राउंड फ्लोअर होता हे खरंच. पण कोकणात पावसामुळे कुणी जमिनीलगत घर बांधत नाही, जोतं उचललेलं असतंच, हे मी पुण्यात बसून विसरले होते. चिऱ्याच्या तीन पायऱ्या, एकेक सात इंचांची. नवऱ्याने आणि ड्रायव्हरने खुर्ची दोन्ही हातांकडून उचलली आणि एक हात खुर्चीतून निसटून ड्रायव्हरच्या मुठीत आला. आई पडली नाही, एवढंच. आत गेल्यावर बाथरूमचं दार चोवीस इंच आणि आमची खुर्ची साडेपंचवीस. शिवाय पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी तीन इंचांचा उंबरा. दोन दिवस आईने बेडपॅन आणि ओल्या टॉवेलवर काढले. समुद्र खोलीपासून दोनशे पावलांवर होता. परतताना घाटात म्हणाली, "आवाज छान होता हो समुद्राचा."

मालक खोटं बोलला नव्हता. मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. "चालेल का" म्हटलं की समोरचा माणूस मदत करायच्या भावनेने हो म्हणतो. म्हणून आता मी इंचांत विचारते. आधी आपली खुर्ची मोजा, चाकाबाहेरच्या ढकलायच्या कड्यांसकट. घडीची साधी खुर्ची चोवीस ते सव्वीस इंच भरते. मग त्यांना व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि गाडी उभी राहते तिथून पलंगापर्यंत, पलंगापासून कमोडपर्यंत फोन हातात धरून न थांबता चालायला लावा. कॉल चालू असतानाच दाराला टेप लावून घ्या, दार पूर्ण उघडून, फळीची जाडी सोडून. ज्यांना हे जड वाटतं त्यांच्याकडे जाऊ नये, पुढचे दोन दिवस त्यांना सगळंच जड वाटणार असतं.

मापं कागदावर ठरलेली आहेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, उताराला एकास बारा आणि खुर्ची वळवायला दीड मीटरची जागा सांगितली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी सेवा देणारेही येतात. पण शनिवारी दुपारी दिवेआगरच्या अंगणात कायदा काढून उपयोग नाही. एकास बाराचा हिशेब मात्र पाठ करून ठेवा. एक इंच चढायला एक फूट लांबी. आमच्या त्या तीन पायऱ्या मिळून एकवीस इंच, म्हणजे एकवीस फुटांचा उतार हवा होता, आणि मालकाने कौतुकाने आणून टाकली ती पाच फुटी फळी. अशा फळीवर माणूस बसलेली खुर्ची चढवायला जाऊ नका. त्यापेक्षा पायऱ्याच बऱ्या. खुर्ची पाठमोरी करायची, मागच्या चाकांवर कलती घ्यायची, दणकट माणसाने वरच्या पायरीवर उभं राहून खुर्चीच्या पाठीमागच्या मुठी ओढायच्या आणि दुसऱ्याने खालून पुढची लोखंडी चौकट धरायची. हात आणि पावलं ठेवायच्या पट्ट्या धरायच्या नाहीत, त्या निघतात. उतरताना पाठ घराकडे, कलती तशीच, मागची चाकं आधी.

दुसऱ्या वेळी आम्ही रिसॉर्ट शोधणं सोडलं आणि घरात म्हातारं माणूस आहे असं ठिकाण शोधलं. तुम्हालाही हेच सांगेन. नारळी-पोफळीच्या वाडीतलं साधं कॉटेज मिळालं. एकच पायरी, सहा इंचांची, आणि तिला सिमेंटचा सहा फुटी उतार. मालकीणबाईंच्या सासूबाई वॉकर घेऊन चालायच्या, त्यांच्यासाठी केलेला. जाहिरातीत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. त्यांना ती काही विशेष गोष्ट वाटतच नव्हती.

बाथरूमचं थोडं सविस्तर सांगते, कारण सहल तिथेच जमते नाहीतर मोडते. कमोड पाश्चात्त्य आहे एवढं ऐकून खूश होऊ नका. कमोडवर बसल्यावर भिंत कुठल्या हाताला येते ते विचारा. आईचा उजवा हात चांगला, म्हणजे भिंत किंवा दांडी उजवीकडे हवी. डावीकडे कितीही सुंदर स्टीलची दांडी असली तरी तिला ती शोभेची. आणि टॉवेलच्या दांडीला कुणाला धरू देऊ नका, ती दोन स्क्रूंवर टांगलेली असते. आम्ही चाकांची कमोड चेअर घरून नेली, एकवीस इंचांची. ती कमोडवर सरकवता येते, अंघोळीलाही तीच, आणि अरुंद दारातून जाते. दार अगदीच एखाद्या इंचाने कमी पडत असेल तर दाराची फळी बिजागरीतून काढून पडदा लावता येतो. मालकीणबाईंच्या गड्याने ते दहा मिनिटांत केलं आणि जाताना परत बसवलं. आधी विचारलेलं होतं, म्हणून कुणाचं तोंड वाकडं झालं नाही.

आता समुद्र. खुर्ची वाळूत का रुतते? पुढची छोटी चाकं रुततात म्हणून. कोरड्या वाळूत पुढे ढकलायला गेलात की ती नांगरासारखी आत जातात आणि बसलेला माणूस पुढे कलंडतो. म्हणून खुर्ची उलटी करून मागे ओढायची. तरीही सुरूच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंतचा पट्टा पार होत नाही. मालकीणबाईंकडे बांधकामातला सेंट्रिंगचा प्लाय पडला होता, चार बाय चारचे दोन तुकडे. एकावर खुर्ची, दुसरा पुढे टाकायचा, खुर्ची त्यावर गेली की मागचा उचलून पुन्हा पुढे. माझ्या पुतण्याला हा उद्योग इतका आवडला की आजीपेक्षा तोच जास्त वेळा समुद्रावर जाऊ या म्हणायला लागला. आम्ही नारळाच्या विणलेल्या झावळ्या, म्हणजे झापंसुद्धा टाकून बघितली. दिसायला छान, पण चाकाखाली मोडतात आणि हीर आऱ्यांत अडकतात. चेन्नईत मरीनावर २०२२ च्या नोव्हेंबरात थेट पाण्याजवळ जाणारी लाकडी वाट झाली, आणि डिसेंबरात मँडूस वादळाच्या लाटांनी ती मोडली, मग दुरुस्ती. आमची प्लायची वाट निदान संध्याकाळी उचलून घरी तरी नेता येते.

ओली वाळू लागली की मात्र खुर्ची डांबरी रस्त्यासारखी जाते. दिवेआगरचा किनारा लांब आणि सपाट आहे, ओहोटीला ओल्या टणक वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. तो पट्टा संध्याकाळी मिळायला हवा, आणि त्यासाठी सुट्टी कॅलेंडरवरच्या लाल तारखेवरून ठरवायची नाही, तिथीवरून ठरवायची. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात, तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी भरती, आणि साधारण सहा तासांनी, साडेपाचच्या सुमाराला, ओहोटी. अमावास्येलाही तेच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी भरलेलं. आमची पहिली खेप अष्टमीची होती, हे नंतर कळलं. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच. पण सहल आखायला एवढं पुरतं. त्रयोदशी ते प्रतिपदा यांतले दोन दिवस धरा, संध्याकाळ तुमची. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती-ओहोटी असते, पाणी लांब ओसरतं आणि परत येतानाही झपाट्याने येतं. ओहोटी संपली की निघायचं, "अजून पाच मिनिटं" करायचं नाही.

पाण्याच्या अगदी कडेला खुर्ची उभी करून ठेवू नका. लाट परत जाताना चाकाखालची वाळू घेऊन जाते आणि खुर्ची एका बाजूला खचते. आम्ही दहा पावलं अलीकडे थांबलो, ब्रेक लावले, आणि पुतण्याने बादलीने पाणी आणून आईच्या पायांवर ओतलं. डाव्या पायाला तिला गार-गरम नीट कळत नाही. तिने उजवा पाय पुढे केला.

प्रवासाचं फार लिहीत नाही. पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन. घाटात वळणं खूप, वाटेतल्या हॉटेलांत बाथरूम बहुतेक उंचावर किंवा भारतीय पद्धतीची, तेव्हा डायपरची लाज धरू नका. आईने आधी धरली, माणगावला सोडली. मुंबईहून येणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे, पण तिथून दिवेआगर बरंच लांब पडतं. अलिबागजवळच राहणार असाल तर ती सोयीची.

जायचं डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात खुर्चीच्या रेक्झिनवर पाठ भिजून जाते, आणि ज्यांना बाजू बदलता येत नाही त्यांच्या कातडीला ते परवडत नाही. समुद्रावरून आल्यावर बाबांच्या मांडीखालची आणि उशीतली वाळू आधी झटका, मग चहा. खुर्ची गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पुढच्या चाकांना तेल द्या. खारं पाणी बेअरिंगला आठवडाभरात गंज चढवतं. आम्ही धुतली होती, तरी आमच्या एका चाकातून घरी येऊन पंधरा दिवस फरशीवर वाळू पडत होती.

सहा जणांपैकी दोघं उचलाउचल करू शकतील असे आहेत ना, ते बघा. आणि दोन्ही रात्री बाबांपाशी एकच माणूस जागणार नाही असं निघायच्या आधी ठरवा. आमच्याकडे पहिल्या खेपेला मीच जागले आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक समोर आले तेव्हा मी बसल्या जागी झोपले होते.

बाबांची कुठली बाजू चांगली आहे आणि ते धरून उभे राहतात का, एवढं लिहा. मग बाथरूमचं नेमकं काय विचारायचं ते सांगते.