वाचक विचारतात: गॅमा किरणांच्या मागे जायचं तर सुरुवात कुठून?

मागच्या महिन्यात लडाखमधल्या हानलेच्या, गॅमा किरण टिपणाऱ्या ‘मेस’ दुर्बिणीबद्दल या पानावर लिहिलं होतं. त्यानंतर कोल्हापूर आणि आसपासहून बरीच पत्रं आली, त्यातली तीन आज घेतेय.

ताई, मी गडहिंग्लजला बारावी सायन्सला आहे. मला गॅमा किरणांवरच काम करायचंय, पण घरी म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर मग बघू. तुमचं रोजचं काम नक्की काय असतं? त्यासाठी शिकायचं काय? आणि आत्ता घरी बसून काही करता येईल का?

आधी काम सांगते, कारण ते एकदा कळलं की शिकायचं काय हे तुझं तुलाच कळेल.

गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. आकाशातून येणारे हे किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, हवा अडवते. म्हणून एक तर उपग्रह वर पाठवायचा, २००८ साली सोडलेला नासाचा फर्मी तेच करतोय, नाहीतर मग हवेलाच दुर्बिणीचा भाग करून घ्यायचं. म्हणजे कसं, गॅमा किरण साधारण दहा ते वीस किलोमीटर उंचीवर हवेत शिरून फुटला की खाली कणांचा पाऊस सुरू होतो, आम्ही त्याला शॉवरच म्हणतो, आणि हे कण हवेतून जाताना प्रकाशाच्या हवेतल्या वेगालाही मागे टाकतात, त्यामुळं निळसर उजेड चमकतो. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश. टिकतो किती, तर काही नॅनोसेकंद. तो पकडायला मेसचा २१ मीटरचा आरसा आहे, कॅमेऱ्यात अगदी मंद उजेडही टिपणाऱ्या हजारावर फोटोमल्टिप्लायर ट्यूब आहेत, आणि हे सगळं समुद्रसपाटीपासून सव्वाचार किलोमीटर उंचीवर. बीएआरसीनं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रानं, बांधलेल्या या दुर्बिणीचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं.

आता खरी मेहनत. असे शॉवर फक्त गॅमामुळं होत नाहीत, प्रोटॉन वगैरे कॉस्मिक किरणांमुळं, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांमुळं, होणारेच जास्त असतात, इतके जास्त की हजार शॉवरमागं गॅमाचा एखादा निघाला तर निघाला. इंद्रायणीच्या पोत्यात आजरा घनसाळचा एखादा दाणा पडलाय आणि तो शोधायचाय, असं समज. दाण्याच्या आकारावरनंच ओळखायचं ना? इथंही तसंच, गॅमाची प्रतिमा सडपातळ, लांबट अंड्यासारखी येते आणि प्रोटॉनची विस्कटलेली. मायकेल हिलास यांनी १९८५ मध्ये ही प्रतिमा मोजायची पद्धत मांडली आणि तिच्या जोरावर १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीनं क्रॅब नेब्युलातून, म्हणजे फुटलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषातून, येणारे अतिऊर्जावान गॅमा किरण खात्रीनं पकडले. माझ्या पीएचडीतली पहिली दोन वर्षं असं वेगळं करण्यातच गेली आणि ज्या दिवशी आलेखावर क्रॅबचा उंचवटा दिसला त्या दिवशी मी आईला फोन करून तासभर बोलत बसले होते, तिला त्यातलं काही कळलं नाही पण ती रडली.

म्हणजे चांदण्या रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसणं हे आमचं काम नाही, उलट आमचं निरीक्षण मुख्यतः चंद्र नसताना चालतं आणि बाकीचे दिवस कॉम्प्युटरपुढं जातात. त्यामुळं फिजिक्स, गणित, त्यातही स्टॅटिस्टिक्स, आणि प्रोग्रामिंग, या तीन गोष्टी पक्क्या पाहिजेत. माझं स्पष्ट मत असं आहे की मन फिजिक्सकडं असेल तर बीएस्सी फिजिक्सच कर, किंवा आयसर, नायसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा दे, उगाच चार वर्षं दुसरीकडं घालवू नकोस. अर्थात घरचे अगदीच ऐकत नसतील तर रडत बसू नकोस, या दुर्बिणींना इलेक्ट्रॉनिक्सवालीही लागतात आणि काही संस्था इंजिनिअर मुलांना फिजिक्सच्या पीएचडीला घेतात. घरच्यांना एवढंच सांग की जयंत नारळीकर सरांचा जन्म आपल्या कोल्हापूरचाच, १९३८ चा, आणि पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनीच उभी केली.

घरी बसून काय करायचं? पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिक, आजपासून. फर्मीचा डेटा सगळ्यांना फुकट मिळतो, तो वापरायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. पहिलं काम म्हणून वेला पल्सरच्या, म्हणजे गरगर फिरणाऱ्या एका मृत ताऱ्याच्या, आसपासचा डेटा उतरवून घे आणि नकाशा काढ. फर्मीच्या आकाशात कायम दिसणाऱ्यांमध्ये तो सगळ्यात तेजस्वी, त्यामुळं नवख्या हातालाही सापडतो. साधा लॅपटॉप चालतो. पहिल्यांदा जमणार नाही, एरर येतील, येऊ देत. दुसरं म्हणजे पन्हाळ्यावर शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे, तिथला अभ्यास वरच्या वातावरणाचा आहे, गॅमाचा नाही, पण आकाश मोजणारी माणसं कशी काम करतात हे बघायला परवानगी काढून एकदा जाऊन ये.

गॅमा किरण म्हणजे कॅन्सरच्या मशीनमधले तेच ना? मग अशा दुर्बिणीपाशी काम करणं धोक्याचं नाही का? – एक गृहिणी, राजारामपुरी

जात तीच, पण वरून येणारे वरच संपतात, आमच्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः उजेड. हानलेला त्रास होतो तो थंडीचा आणि विरळ हवेचा. लेहमध्ये उतरल्यावर दोन-तीन दिवस नुसतं पडून राहायचं, शरीराला सवय होऊ द्यायची आणि मगच वर जायचं, ही गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घ्यायची नाही.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, त्याला यातच जायचंय. हातात पैसे कधी येणार ते खरं सांगा.

दादा, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. नेहमीच्या वाटेनं गेला तर दोन वर्षं एमएस्सी, मग नेट-जेआरएफ किंवा जेस्ट ही परीक्षा, आणि मग पीएचडी पाच-सहा वर्षं. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं, हे २०२३ पासूनचे आकडे आहेत. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, तो बहुतेकदा परदेशात, आणि कायमची नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते. जागा थोड्या आहेत, सगळ्यांना मिळत नाहीत. माझ्याबरोबरचे निम्मे आज बँकांमध्ये आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये डेटाचं काम करतात, पगार माझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणजे शिक्षण वाया गेलं असं होत नाही.

पण तुमच्या घरासाठी मला दुसरी वाट जास्त बरी वाटते. बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडी, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्र, करता येते, मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळूरच्या आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था) इथं, आणि तिथं सुरुवातीपासूनच स्टायपेंड मिळतो, एमएस्सीची दोन वर्षं घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. स्पर्धा मोठी आहे. तिसरी वाट बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलची, एमएस्सीनंतरची, तिथं वर्षभर स्टायपेंडवर ट्रेनिंग आणि पास झाला की सरळ शास्त्रज्ञाची नोकरी. मेस बांधणारी माणसं त्याच बीएआरसीतली. फक्त तिथं कुठला विभाग मिळेल हे आपल्या हातात नसतं, गॅमाच मिळेल असं धरून चालू नका.

टीआयएफआरची परीक्षा साधारण डिसेंबरात असते, आयआयएस्सीसाठी जॅम नावाची परीक्षा लागते, ती फेब्रुवारीत, आणि तिचे फॉर्म सप्टेंबरातच सुटतात. दोन्ही भरायला लावा. आणि फॉर्मच्या वेळी जातीचा, उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तो आत्ताच काढून ठेवा, तहसीलला ऐनवेळी गर्दी असते आणि त्यापायी माझ्या एका मैत्रिणीचं आख्खं वर्ष गेलं होतं.