घरी बॅलेचे व्यायाम सुरू करतेयस? आधी एवढं सांभाळ

छान ठरवलंस! सुरुवातीला प्लिए, म्हणजे पाठ सरळ ठेवून गुडघे वाकवणं, तेवढा पक्का कर. टाचा जुळव, चवडे साधारण 45 अंश बाहेर, आणि हे वळण खुब्यातून येऊ दे. नवीन मुली पाय जबरदस्तीने सरळ रेषेत फाकवतात, मग सगळा पीळ गुडघ्यांवर येतो. वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनेच जायला हवा. आरशात बघत राहा.

आणखी दोन चुका:
- आधाराला धरलेल्या खुर्चीला लटकणं. जड खुर्ची घे, बोटं नुसती टेकव.
- पाय उंच न्यायच्या नादात कंबर वाकवणं. थोडाच उचल.

मांड्या थरथरल्या तर घाबरू नकोस, स्नायू काम करताहेत. गुडघ्यात कळ आली तर मात्र लगेच थांब. पॉइंट शूजचा (बोटांच्या टोकांवर उभं राहायच्या कडक बुटांचा) विचार आत्ता नकोच, अनवाणी कर.