घरचा चार्ज

प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, सेवा बजावणाऱ्यांची तक्रार माझ्या कानावर बहुधा एकाच शब्दांत येते: 'मी ना पुरता फौजी, ना पुरता घरचा.' वास्तविक ही सेना नोकरी-व्यवसायात असलेल्यांसाठीच उभारलेली आहे, आणि सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मूळ नोकरीत परत घेण्याची तरतूद १९४८च्या कायद्याशी जोडलेली आहे. घरी परत येण्याची तरतूद मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

बँकेत नोकरी करणारे असे एक अधिकारी समुपदेशनासाठी माझ्याकडे सपत्नीक आले होते. प्रशिक्षणाचा काळ चांगला जातो, त्रास होतो तो परतल्यानंतरच्या पंधरवड्यात, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नी दुरावली आहे, हा त्यांचा निष्कर्ष. सुरुवातीच्या काही भेटी त्या निष्कर्षाभोवतीच फिरल्या. मग एकदा पत्नी शांतपणे म्हणाल्या, "हे गेले की आठवडाभरात घर सावरतं. हे आले की पुन्हा विस्कटतं."

ते दुखावले. त्यांची समजूत घालण्याऐवजी मी विचारले, "युनिटमध्ये दुसऱ्याकडून चार्ज घेताना काय करता?"

"यादी घेतो, सामान मोजून पाहतो, कोणती कामं अर्धी आहेत ते विचारतो, मग सही करतो."

"आणि घरचा?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तो मी कधी दिलाच नाही. आल्यावर थेट हुकूम सोडत होतो."

"तुम्ही दिला नाहीत, तरी मी घेतला होताच की," पत्नी म्हणाल्या, आणि त्या खोलीत प्रथमच दोघे एकत्र हसले.

माणसाच्या मनापेक्षा माणसांमधल्या मांडणीकडे आधी पाहावे, या मताची मी आहे, आणि अशा वेळी ते मत मला अधिकच पटते. एक माणूस गेला की उरलेले घर आपला तोल नव्याने सांभाळते. परतलेल्याला जुनी जागा रिकामी सापडत नाही, आणि त्याला तो प्रेमाचा अभाव वाटतो. म्हणून निघण्यापूर्वी हप्ते, दुरुस्त्या, मुलांच्या शाळेची कामे पत्नीकडे रीतसर सोपवावीत आणि परतल्यावर पहिले काही दिवस केवळ विचारावे, निर्णय घेऊ नयेत. सगळेच परत मागण्याचीही गरज नसते. या दांपत्याने पैशांचे व्यवहार पत्नीकडेच राहू दिले, कारण त्या ते अधिक चोख करतात. ही गोष्ट स्वीकारणे पतीला सर्वांत जड गेले, हेही सांगितले पाहिजे.

कार्यालयाचा प्रश्न त्या मानाने सोपा: शिबिराच्या तारखा समजताच वरिष्ठांना लेखी कळवाव्यात, आणि परतल्यावर सहकाऱ्यांनी उचललेल्या कामाची आपणहून दखल घ्यावी. दीर्घ काळासाठी बोलावणे येऊ शकते, याची चर्चा मात्र आदेश हाती पडण्यापूर्वीच घरात झालेली असावी, आणि तीत मुलांनाही बसवावे.