पॅरिस ते लंडन अंतर किती आहे आणि जायला किती वेळ लागतो?

सरळ रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर, रुळांवरून ४९२, रस्त्याने साधारण ४६०. मात्र "विमानाने सव्वा तासात लंडन" असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते साफ चूक आहे. सव्वा तास फक्त उड्डाणाचा.

पूर्ण हिशेब मांडा. पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवरून आरईआर बी लोकलने शार्ल द गोल विमानतळ अर्धा तास. लंडन शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर), म्हणून दोन तास आधी पोहोचायचं. मग उड्डाण. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पासपोर्टची रांग आणि बॅगा मिळून पाऊण तास, पुढे पिकॅडिली लाइन या मेट्रोने किंग्ज क्रॉसपर्यंत तासभर. झाले साडेपाच तास!

युरोस्टार, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे, त्याच गार द्यु नोरहून सुटते आणि किंग्ज क्रॉसला लागून असलेल्या सेंट पँक्रस स्टेशनला पोहोचते. जलद गाडीला २ तास १७ मिनिटं लागतात. सव्वा तास आधी गेलात तरी सगळं मिळून साडेतीन तास. फ्रेंच आणि ब्रिटिश, दोन्ही पासपोर्ट तपासण्या पॅरिसलाच होतात, त्यामुळे लंडनला उतरून थेट बाहेर पडता येतं.

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, घड्याळ. लंडन पॅरिसच्या एक तास मागे आहे. दुपारी २ ची गाडी लंडनला साधारण ३:२० ला पोहोचलेली दिसते, परतीची २ ची मात्र पॅरिसला ५:२० ला. वेळापत्रक बघून "जाताना सव्वा तास, येताना सव्वातीन" असा समज करून घेऊ नका. दुसरं, गेट. गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधी ते बंद होतं. गार द्यु नोरला लंडनच्या गाड्यांचा प्रवेश वरच्या मजल्यावर आहे. खालच्या फलाटांवर शोधत फिरलात तर ती मिनिटं तिथेच जातात.

युरोस्टारमध्ये सामानाला वजनाची मर्यादा नाही. ८५ सेंटीमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि हातात एक चालते, विमानासारखा द्रवपदार्थांचा १०० मिलीलिटरचा नियमही नाही. पण बॅगा स्वतःच उचलून डब्यात चढवायच्या आहेत.

बसला आठ-नऊ तास लागतात. रात्रीच्या बसमध्ये सीमेवर झोपेतून उठून तपासणीसाठी खाली उतरावं लागतं. आई-वडील बरोबर असतील तर तो विचारही करू नका.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनहून पॅरिसला परतता येणार नाही, आणि मुंबईचं परतीचं विमान पॅरिसहून असेल तर लंडनलाच अडकाल. तिकीट काढण्याआधी हे बघा.

हो, मुक्काम लंडनच्या पश्चिमेकडच्या हाउन्स्लो किंवा स्लाउला असेल, तर हीथ्रो जवळ पडतं आणि वरचा हिशेब बदलतो. शिवाय युरोस्टारचं भाडं तारीख जवळ येते तसं चढत जातं. आयत्या वेळी विमान बरंच स्वस्त पडू शकतं.