ओळ कुठे आहे?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं, दुसऱ्यांदा चिडलो आणि तिसऱ्यांदा स्वतःचाच राग आला. म्हणून उत्तराला आठवडा लागला.

तू लिहितेस, रस्त्याचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा तयार आहे आणि तो निविदेत आणायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. वरिष्ठ म्हणतात, परिशिष्ट म्हणून मागे लाव आणि एक कलम घाल : 'ठेकेदाराने पर्यावरणविषयक सर्व कायदे व अटी पाळाव्यात, त्याचा खर्च त्याच्या दरांत समाविष्ट समजावा.' तुला हे खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. आणि शेवटी विचारतेस, निविदा शाखा सोडून पर्यावरण शाखेत बदली मागू का?

बदली मागू नकोस. तिथे अहवाल लिहितात. तो अहवाल मातीत उतरणार की कपाटात राहणार, हे तू बसतेस त्या टेबलावर ठरतं. हे सांगायला मला कोणी भेटलं नव्हतं.

आता तुला खटकणारी गोष्ट. 'समाविष्ट समजावा' हे दोन शब्द. ते मीही लिहिलेत, स्वतःच्या हाताने आणि बऱ्यापैकी अभिमानाने. एका डोंगराळ रस्त्याचं काम होतं. आराखड्यात सगळं होतं : वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवणं, उतारांवर गवत, ओढ्याच्या वर गाळ अडवणारं कापड, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांच्या तोंडाखाली पाणी शांत करणारी दगडी फरसबंदी. मी ते सगळं मागे जोडलं, ते कलम घातलं आणि शांत झोपलो.

पहिल्या पावसानंतर ओढा पाहायला गेलो. कापड कुठेच नव्हतं. मजुरांच्या झोपड्यांपाशी पाणी प्यायला थांबलो, तर एका दाराला तेच काळं विणकामाचं कापड पडद्यासारखं लावलेलं. ते आणलं होतं आमच्या आधीच्या पाहणीपुरतं. पाहणी झाली, त्याला खरा उपयोग सापडला. ओढ्यातला डोह भरून सपाट झाला होता. मोरीचं तोंड तळापासून कमरेएवढं वर लटकत होतं, कारण खालची माती पाण्याने उकरून नेली होती. असल्या तोंडातून मासा वर चढत नाही. सुपीक माती? ती भरावाच्या पोटात गेली होती. उतार तीन वर्षं उघडे राहिले.

मी ठेकेदाराच्या साइटवरच्या माणसावर तोंड सोडलं. त्याने आवाज न चढवता त्यांचं दरविश्लेषण पुढे ठेवलं. डिझेल, यंत्रं, मजुरी, खडी, डांबर, नफा. म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदात ओळ कुठे आहे? ओळ असती तर दर भरला असता. दर भरला असता तर काम केलं असतं." मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर जे वाक्य मी लोकांना ऐकवत आलो, ते माझं नाही, त्याचं आहे.

म्हणून मी कुठलाही मसुदा हातात आला की पहिल्यांदा विचारतो, ओळ कुठे आहे? परिमाण पत्रकात, म्हणजे बीओक्यूत, जिथे प्रत्येक कामाचं मोजमाप आणि दर लिहितात त्या यादीत. परिशिष्टात नव्हे, प्रस्तावनेत नव्हे. बीओक्यूत क्रमांक, वर्णन, एकक, परिमाण आणि दर असलेली ओळ.

तू म्हणशील, करारात सामान्य अट आहेच की. आहे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या लाल पुस्तकातही, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यातही, 4.18 क्रमांकाचं पर्यावरण संरक्षणाचं कलम आहे : साइटवर आणि साइटबाहेर पर्यावरण जपण्यासाठी ठेकेदाराने सर्व वाजवी उपाय योजावेत. वाक्य चांगलं आहे. पण 'वाजवी' किती घनमीटर? ते कोणत्या पानावर मोजून घेणार? वाद झाला तर तो 'वाजवी'चा अर्थ लावणाऱ्या वकिलांमध्ये होतो आणि तोवर ओढा भरलेला असतो. अट हवी, अटीशिवाय ओळीला आधार नाही. पण नुसत्या अटीवर भरवसा ठेवून मी काय मिळवलं ते वर लिहिलंय.

ओळी कशा लिहायच्या, हे तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस. 'जनजागृती' हा शब्द मात्र पत्रात चार वेळा आलाय. कोणाची जागृती करणार आहेस? ठेकेदाराला सगळं कळतं. तो तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कागद वाचतो.

माती घे. 'सुपीक मातीचं संवर्धन' असं एकरकमी लिहिलंस तर माती गेली समज. ती दोनदा मोज : काढून ढीग लावताना घनमीटरमध्ये आणि परत पसरताना पुन्हा. पैशाचा मोठा हिस्सा दुसऱ्या मोजणीवर ठेव. ढिगाची उंची दोन मीटरच्या आत ठेवायला सांग, नाहीतर आतली माती दडपून, हवेविना मरते. उतारावरच्या गवताचे पैसे पेरणीच्या दिवशी पूर्ण देऊ नकोस. पेरणीला थोडे, बाकीचे पावसाळ्यानंतर, गवत धरल्यावर. 'धरलं' म्हणजे काय, हेही लिही. अमेरिकेत बांधकामाच्या जागेवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी जो संघीय परवाना लागतो, त्यात जमीन स्थिर झाली असं मानायला आजूबाजूच्या अस्पर्श जमिनीवरच्या नैसर्गिक आच्छादनाच्या निदान 70 टक्के आच्छादन लागतं. अशी मोजता येणारी रेघ हवी. 'समाधानकारक' म्हणजे मोजमाप नव्हे, तो मोजणाऱ्याचा त्या दिवशीचा मूड असतो.

धुळीसाठी टँकरच्या खेपा मोजू नकोस. मी मोजल्या. कागदावर इतक्या खेपा झाल्या की तेवढं पाणी रस्त्यावर पडलं असतं तर रस्ता वाहून गेला असता. धूळ, आवाज, तेलाची गळती, छावणीचं सांडपाणी, यांना दरमहा ठरावीक रकमेची ओळ दे आणि त्या महिन्यातली तपासणी पास झाली तरच ती दे. नाही झाली तर तो महिना गेला, पुढच्या बिलात भरून मिळणार नाही. साइटवर सगळ्यांना कळणारी भाषा रनिंग बिलाचीच, म्हणजे काम चालू असताना निघणाऱ्या बिलाचीच असते.

आता माझी दुसरी चूक ऐक, कारण ओळीवर माझा इतका विश्वास बसला होता की त्यातही फसलो. पुढच्या कामात ओळी घातल्या, चांगल्या घातल्या. निविदा उघडल्या तर सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराने पर्यावरणाच्या प्रत्येक ओळीसमोर नाममात्र दर टाकलेला, आणि ते पैसे माती-खोदाईच्या दरात, म्हणजे आधी मिळणाऱ्या बिलात, घातलेले. मग मी उतार न केल्याबद्दल काय कापणार? शून्याचे किती टक्के? तेव्हापासून या ओळींचे दर ठेकेदाराला भरू देत नाही. मालकाने, म्हणजे काम देणाऱ्या खात्याने, ठरवलेली रक्कम आधीच छापून टाकायची, म्हणजे ती स्पर्धेबाहेर राहते. कमी दर लावायची खुमखुमी असेल तर त्याने ती खडीवर भागवावी. तुझे वरिष्ठ म्हणतील, 'हे नियमात बसत नाही.' अशीच आधी छापलेली तात्पुरती राखीव रक्कम बऱ्याच निविदांत असते. त्यांना तेवढंच दाखव.

ओळ हवी, दर हवा, आणि न केल्यास कापता येईल एवढा तो दर हवा.

तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला बीओक्यूचा रोग जडलाय. जडलाय. पण याची किंमत मोठ्यांनीही मोजली आहे. 2015 च्या डिसेंबरात जागतिक बँकेने युगांडातल्या एका रस्ते प्रकल्पाचा निधी रद्द केला. कराराचा भंग, मजुरांचे प्रश्न, पर्यावरण आणि लोकांविषयीची हेळसांड, लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप, सगळं त्यात होतं. त्यानंतर 2017 च्या सुरुवातीपासून बँकेच्या मोठ्या कामांच्या नमुना निविदा बदलल्या : मजुरांची आचारसंहिता, हे सगळं कसं सांभाळणार याचे आराखडे बोलीसोबतच, या कारणांनी आधी करार मोडला असेल तर त्याची कबुली, आणि पर्यावरण-सामाजिक बाबींसाठी वेगळी कामगिरी हमी, म्हणजे शब्द न पाळल्यास जप्त करता येणारी रक्कम. म्हणजे गोष्ट परिशिष्टातून उचलून पैशाच्या जागी आणली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना हे उशिरा आलं. उशीर नेहमी त्यांच्याच वाट्याला येतो.

बोलींच्या मूल्यमापनाबद्दल तू बरंच लिहिलंस, गुण द्यायचे की नाहीत वगैरे. माझा त्याला विरोध नाही. नेदरलँड्समध्ये प्रोरेल या रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या कंपनीने 2009 मध्ये कार्बनची शिडी आणली : कार्बन कमी करण्यात पुढे, म्हणजे वरच्या पायरीवर असलेल्या कंपनीची बोली तुलनेपुरती कमी धरतात, पैसे मात्र भरलेल्या दरानेच मिळतात. तिथलं रस्त्यांचं खातं डुबोकाल्कसारख्या हिशोबाने डांबर-काँक्रीटच्या पूर्ण आयुष्याचा पर्यावरणावरचा भार युरोमध्ये काढतं आणि तो कमी असेल तर बोली तुलनेपुरती कमी धरतं. कमी तापमानाचं डांबरी मिश्रण, जुन्या रस्त्याचं खरडलेलं डांबर पुन्हा वापरणं, याला ठेकेदार तिथे आपणहून धावतो, कारण त्यात त्याला काम मिळतं. छान आहे. पण तिथे जे कबूल केलं ते शेवटी तपासलं जातं. तुझ्याकडे तपासणारं कोण आहे?

हा प्रश्न जवळपास सगळे विसरतात, मीही विसरलो. करार दोन असतात. एक ठेकेदाराचा, दुसरा देखरेख करणाऱ्या सल्लागाराचा. पहिल्यात कितीही ओळी घाल. दुसऱ्यात पर्यावरण तज्ज्ञाचे महिने नसतील तर त्या ओळी मोजायला कोणी येणार नाही. ती फाईल तुझ्या शेजारच्या टेबलावर असेल. आजच बघ. तिथेही तेच विचार, ओळ कुठे आहे?

आणि खाणी. माती-दगड कुठून आणायचा हे ठेकेदारावर सोडलेलं असतं, म्हणून आपण डोळे मिटतो. रस्त्याच्या हद्दीत एक झाड वाचवायला आपण भांडतो आणि चार किलोमीटरवर त्याच रस्त्यासाठी अख्खी टेकडी खरवडली जाते. खड्डे सपाट करून, वरची माती पसरून दिल्याशिवाय अंतिम बिल नाही, हे लिही. याला दर नको. याला अंतिम बिल पुरे.

वरिष्ठ म्हणतात एस्टिमेट वाढेल. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकलं. माझं नावच 'एस्टिमेट फुगवणारा' पडलं होतं. एका कामावरून मला हलवलंही. मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं, की मी काहीच फुगवलं नव्हतं. ओढ्यातला गाळ पुढे देखभालीच्या निधीतून काढला. उतार घसरले, ते दुरुस्तीच्या निधीतून बांधले. पैसे गेलेच, फक्त दुसऱ्याच्या सहीने. हे मी तेव्हा लिहून दिलं होतं, फाईलवर आहे. कोणी वाचलं नाही तर माझा दोष? असो. त्या डोंगराळ रस्त्यावर मात्र दोष माझाच होता, आणि तेव्हा नमुना दस्तऐवजच तसा होता हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. नमुना दस्तऐवजात काट मारायला पेन माझ्याकडेही होतं.

तुझ्याकडे वेळ किती? बोलीपूर्व बैठकीची तारीख लिहिली नाहीस. तिच्या आत सगळं करायला हवं. एकदा कार्यारंभ आदेश गेला की प्रत्येक ओळ 'एक्स्ट्रा आयटम' होते, स्पर्धा संपलेली असते आणि दर ठेकेदार सांगतो.

मसुदा पाठव. चारशे पानांचा आराखडा नको, तो मी वाचणार नाही. परिमाण पत्रक पाठव आणि देखरेखीच्या करारातलं मनुष्यबळाचं एक पान. बुधवारपर्यंत आलं तर रविवारी तांबड्या शाईने परत करतो.