मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला पुण्यातल्या एखाद्या अनाथाश्रमात जेवण द्यायचं आहे. कुठे द्यावं, कसं द्यावं?

मी गेली सात वर्षं शनिवारी एका बालगृहाचे हिशेब लिहायला जाते, त्या अनुभवावरून सांगते. जेवणाला आमच्याकडे कधी तोटा नसतो. दिवाळीत फराळाचे डबे ठेवायला जागा पुरत नाही. पितृपंधरवड्यात तर एकाच दुपारी तीन घरची खीर येते आणि रात्री मुलांची पोटं दुखतात. (सोबत जुन्या कपड्यांची बोचकी. त्यातले निम्मे पुसायला जातात.)

अडतं ते भलत्याच ठिकाणी. रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या मावशींचा पगार, लाइटबिल, दाताचा डॉक्टर, दहावीचा क्लास. यांवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी पैसे देत नाही. जेवणाला दहा हजार खर्च करणार असाल, तर त्याऐवजी महिना आठशे-हजार वर्षभर द्या आणि ‘कशालाही वापरा’ असं लिहून द्या. दरमहा ठरलेली रक्कम येणार असली की मावशी टिकतात, आणि मावशी टिकल्या की मुलं शांत झोपतात.

त्याहून अवघड जागा म्हणजे अठरावं वर्ष. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे बालगृह अठरापर्यंतच. पुढे एकविसापर्यंत राहायला अनुरक्षणगृहाची सोय आहे, पण जागा मोजक्या. आमचा एक मुलगा आयटीआय झाला, चाकणला नोकरी लागली, आणि अडला कुठे? खोलीच्या डिपॉझिटला. घरमालक विचारतो, वडील काय करतात? शेवटी आमच्या एका देणगीदारांनी डिपॉझिट भरलं आणि जामीनही राहिले. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना नोकरी-शिक्षणात १ टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते काढायला मुलासोबत चार वेळा महिला व बालविकासच्या ऑफिसात जाणारा माणूस मिळाला, तर ती देणगीच धरा.

तुमच्या ओळखीत वडील गेलेलं, आजीकडे वाढणारं मूल असेल तर त्याला आश्रमात धाडू नका. सरकारच्या बालसंगोपन योजनेत घरीच महिना २,२५० रुपये मिळतात. फॉर्म भरून द्या, खर्च शून्य.

संस्था निवडताना बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी विचारा, मग लेखापरीक्षण अहवाल मागा. कां कूं केली तर निघून या. पावती घ्या, २,००० च्या वर रोख दिलंत तर देणगीवरची आयकर सवलत नाही, आणि नव्या करपद्धतीत ती तशीही मिळत नाही. पुण्यात ससून रुग्णालयातली सोफोश ही संस्था १९६४ पासून आहे. बाहेर बघायचं तर अहिल्यानगरचं स्नेहालय, किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यातल्या आर्वीचं शांतिवन.

फोटो मात्र नको. कायद्याने या मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि ताटासकट स्टेटसवर जायला तुम्हाला तरी आवडेल का?

एवढं सांगूनही लेकीच्या हातून जेवण द्यावंसं वाटणारच, मलाही वाटलं असतं. मग आधी फोन करून रिकामा दिवस विचारा. आमच्याकडे फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही.