‘बावनकशी पोलाद’ म्हणता येईल का?

‘बावनकशी’ हे विशेषण सोन्याला लावतात, तसे ते उत्तम लोखंडाला किंवा पोलादाला लावले तर चुकेल का, अशी विचारणा आहे. माझ्या मते चुकेल, आणि त्याचे कारण या दोन धातूंच्या गुणधर्मांतच आहे.

‘कस’ हा शब्द संस्कृत ‘कष्’, म्हणजे घासणे, या धातूशी जोडलेला आहे. ‘निकष’ आणि ‘कसोटी’ हे त्याचेच आप्त. सराफ सोने काळ्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ माहितीच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहतो आणि तिच्यावर नत्राम्ल सोडतो. शुद्ध सोने त्या आम्लाला दाद देत नाही. भेसळीचे तांबे किंवा चांदी मात्र विरघळते. म्हणजे कस मोजतो तो शुद्धता. बावनकशीतील बावन्न हा आकडा शुद्धतेची सर्वोच्च पायरी दाखवतो. त्याचे २४ कॅरटशी गणित जमवायचा खटाटोप करू नये. दागिन्यावरील ९१६ हा आकडाही हजार भागांत सोने किती, एवढेच सांगतो, कारण सोन्याचे मोल त्यातील सोन्याइतकेच असते.

लोखंडाचे नेमके उलट आहे. अगदी शुद्ध लोखंड मऊ असते, त्याची धार टिकत नाही. त्यात एक टक्क्याच्या आसपास कर्ब मिसळला की कठीण पोलाद होते आणि तेच प्रमाण तीन-चार टक्क्यांवर गेले की ठिसूळ बीड होते, ज्याचे तवे आपण वापरतो. दिल्लीतील मेहरौलीचा गुप्तकालीन लोहस्तंभ सोळाशे वर्षे फारसा गंजला नाही, त्याचेही मोठे श्रेय त्या लोखंडात राहिलेल्या फॉस्फरसला दिले जाते. जिथे मिसळ हाच गुण ठरतो, तिथे शुद्धतेची परीक्षा निरुपयोगी होय.

म्हणूनच भाषेने लोखंडासाठी कसाच्या पायऱ्या न करता प्रकारांना वेगवेगळी नावे दिली: बीड, फारसीतून आलेले पोलाद, आणि ‘तीक्ष्ण’पासून झालेले ‘तिखे’, म्हणजे पोलादाचेच जुने नाव, जे आज जवळजवळ विसरले गेले आहे याचे मला फार वाईट वाटते. लोखंडाची प्रत वाढवण्याच्या क्रियेलाही स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. लोहार तापवून लाल केलेले पाते पाण्यात बुडवतो त्याला ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात, आणि ‘पाणीदार तलवार’ या प्रयोगाची गोडी ही क्रिया ध्यानात घेतली की अधिक कळते.

तेव्हा पोलादाची थोरवी सांगायची असेल, तर ‘पाणीदार’ किंवा ‘अस्सल’ म्हणावे. माणसाला, त्याच्या निष्ठेला किंवा गायकाच्या सुराला ‘बावनकशी’ जरूर म्हणावे, कारण तिथे निर्भेळपणाच अभिप्रेत असतो. पण एखाद्याची चिवट सहनशक्ती वर्णायची असेल, तर तिथे ‘पोलादी’ हाच शब्द योग्य.